आतून वाटणं आणि विसरून जाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात मानसशास्त्र शिकवते. रंकाळ्यावर सकाळी फिरताना, वर्ग सुटल्यावर, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांकडून मला दोन वाक्यं सतत ऐकू येतात. एक, "मॅडम, हल्ली लई विसरायला होतंय." दुसरं, "मला आधीच आतून वाटत होतं बघा." विचारणाऱ्यांना हे दोन वेगळे विषय वाटतात. मी दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण एक कळल्याशिवाय दुसरं नीट कळत नाही. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

घरातून निघताना ‘काहीतरी राहिलंय’ असं वाटतं, पण काय ते आठवत नाही. हे नेमकं काय असतं?

जुन्या बायका एखादं काम विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायच्या. बाजारात गाठ हाताला लागली की ध्यानात यायचं, आज काहीतरी न्यायचं होतं. काय न्यायचं होतं, ते मात्र गाठ सांगायची नाही.

तुमचं ‘काहीतरी राहिलंय’ ही तशीच गाठ आहे. पुढे करायच्या कामाची आठवण दोन भागांनी बनते: काहीतरी करायचं आहे ही जाणीव, आणि काय करायचं आहे हा तपशील. हे दोन भाग सुटे होऊ शकतात. तपशील हरवतो आणि जाणीव मागे राहते, तेव्हा ती पोटात खुपत राहते. आपण तिला अंतःप्रेरणा म्हणतो, पण ती अर्धवट उरलेली आठवण असते.

गेल्या वर्षी मी पुण्याला निघाले होते. मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीत जागा मिळाली, बॅग मांडीवर घेतली आणि तेच खुपणं सुरू झालं. मी बॅग उघडून तपासली. चार्जर, कपडे, पाण्याची बाटली, सगळं जागेवर होतं. राहिलेली वस्तू बॅगेत नसतेच, त्यामुळे बॅग तपासून काही हाती लागत नाही. मग मी डोळे मिटून पुण्याचा दिवस क्रमाने मनात चालून पाहिला. स्वारगेटला उतरले, रिक्षा केली, बहिणीच्या दारात उभी राहिले, भाची पळत आली, आणि तिच्या हातात द्यायचा खर्वसाचा डबा डोळ्यांसमोर आला. डबा घरी फ्रीजमध्ये होता. मुलाला फोन केला, तो गाडीवरून बस सुटायच्या आत डबा घेऊन आला.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. खुपायला लागलं की दारातच एक मिनिट थांबा आणि पुढचा दिवस पहिल्यापासून मनात चालून पाहा. ज्या ठिकाणी ती वस्तू लागणार असते, त्या ठिकाणी पोचलात की ती बहुतेक वेळा आठवते.

पण मग अंतःप्रेरणा म्हणजे काय? ती देवाची देणगी म्हणायची का?

श्रद्धेचा भाग मी ज्याच्या त्याच्यावर सोडते. जे तपासून पाहता आलंय तेवढं सांगते.

अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९९२ मध्ये अंतःप्रेरणेला सरळ ओळख पटणं म्हटलं होतं. समोरच्या परिस्थितीत एखादी खूण असते, ती खूण स्मरणातली जुनी माहिती जागी करते, आणि ती माहिती उत्तर देते. मधल्या पायऱ्या आपल्याला दिसत नाहीत, म्हणून उत्तर आपोआप आल्यासारखं वाटतं.

हे बघायचं असेल तर ऊस तोडणीच्या हंगामात गुऱ्हाळावर जा. रस काहिलीत उकळत असतो, चुलवणात चिपाड सारलं जात असतं, मळी काढून झालेली असते, फेसाचा रंग बदलत असतो. गुळव्या काठावर उभा असतो. एका क्षणी तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो, आणि म्हणतो, "उतरा." त्या क्षणाच्या थोडं आधी उतरवलं तर गूळ मऊ राहतो, थोडं उशिरा उतरवलं तर करपतो. पाक उतरवायचं तापमान साधारण ११८ अंशांच्या आसपास असतं, पण मी पाहिलेल्या गुळव्याच्या हातात थर्मामीटर नव्हता. मी त्याला विचारलं, कसं कळलं? तो म्हणाला, "बुडबुडा जड झाला." बुडबुडा जड होणं म्हणजे काय, हे त्याला पुढे सांगता आलं नाही. त्याने सांगितलं ते खोटं नव्हतं. त्याला जेवढं कळत होतं, तेवढं शब्दांत येत नव्हतं इतकंच.

म्हणजे तो गुळव्या शिकलेलं विसरला आहे, तरी त्याला येतं?

होय, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. त्याने आयुष्यात हजारो काहिली पाहिल्या. त्यातली एकेक काहील त्याला आठवत नाही. कुठल्या वर्षी, कुणाच्या मळ्यात, कोणता गूळ बिघडला, हे सगळं गळून गेलं. पण त्या सगळ्यांतून तयार झालेला अंदाज मागे राहिला. प्रसंग विसरला, धडा उरला.

मेंदूत आठवणीची एकच पेटी नाही, म्हणून हे घडू शकतं. प्रसंग लक्षात ठेवणारी व्यवस्था वेगळी, आणि सवयी, कौशल्यं, भीती-आवड जपणाऱ्या व्यवस्था वेगळ्या. आपण ‘अंगवळणी पडलं’ म्हणतो तो या दुसऱ्या प्रकारचा साठा.

याची दोन उदाहरणं मी दर वर्षी वर्गात सांगते. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका स्त्री रुग्णाबद्दल लिहिलं. तिला नव्या आठवणी राहतच नव्हत्या, रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही ती ओळखत नसे. एकदा त्यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. तिला टोचलं, आणि थोड्या वेळात ती ते विसरून गेली. पुढे त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. कारण विचारलं, तर कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या लपवलेल्या असतात, एवढंच ती सांगू शकली. आपल्याला टोचलं होतं, हे तिला आठवत नव्हतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांचं. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना नवे प्रसंग लक्षात ठेवता येईनासे झाले. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईदार झाला, पण दर वेळी त्यांना वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतोय. २००८ मध्ये ते गेले, तोपर्यंत अनेक दशकं अभ्यासकांनी त्यांच्याकडून शिकून घेतलं.

आपल्या न्यायशास्त्रात स्मृतीची व्याख्या करताना ‘संस्कार’ हा शब्द येतो: अनुभव संपला तरी मागे उरतो तो संस्कार, आणि केवळ त्यापासून उपजतं ते ज्ञान म्हणजे स्मृती. आधुनिक प्रयोगशाळेची भाषा वेगळी आहे आणि दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण गुळव्याच्या हातात जे आहे त्याला मला याहून चांगला मराठी शब्द सापडलेला नाही.

विसरलेलं पूर्ण पुसलं जातं का?

बरेचदा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याची विस्मरणाची घसरती रेघ सगळ्यांना ठाऊक असते: पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक गळतं, मग गळती मंदावते. पण त्याने मोजलं कसं, ते फारसं कुणी सांगत नाही. एखादी यादी दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, हे त्याने मोजलं. म्हणजे त्याला ‘आठवत नाही’ असं वाटत होतं तेव्हाही आत काहीतरी शिल्लक होतं, आणि ते वेळ वाचवत होतं.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना वाटायचं की लहानपणीची पावकी-निमकी ते साफ विसरलेत. नातवाला पाढे शिकवायला बसले आणि आठवड्याभरात दिडकीपर्यंत पोचले. नातू अजून पावकीतच होता.

एखाद्याचं नाव ओठांवर असतं पण येत नाही. ‘मला येतंय’ ही खात्री खरी असते का?

बहुतेक वेळा खरी असते. १९६५ मध्ये जोसेफ हार्ट यांनी दाखवलं की ‘आठवत नाही, पण दिसलं तर ओळखेन’ असं ज्या प्रश्नांबद्दल लोक म्हणतात, त्यांची उत्तरं पर्याय समोर ठेवल्यावर ते अधिक वेळा बरोबर ओळखतात. पुढच्या वर्षी रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांना आढळलं की शब्द ओठांवर अडलेला असताना लोकांना त्याचं पहिलं अक्षर किंवा तो किती लांब आहे हे पुष्कळदा सांगता येतं. शब्दापर्यंत पोचायच्या आधी त्याचा आकार हाती लागलेला असतो.

गुजरीत कुणी "ओळखलं का?" म्हणून समोर उभं राहिलं की घाम फुटतो, ते मलाही माहीत आहे. अशा वेळी चुकीचं नाव पुन्हा पुन्हा मनात घोळवू नका, ते रस्ता अडवून बसतं. माणूस कुठे भेटला होता, कुणाबरोबर होता, ते आठवा. नाहीच आलं तर सरळ विचारा. वयाबरोबर हे वाढतं आणि एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

स्वयंपाकघरात गेले की कशाला आले तेच विसरते. हे लक्षण वाईट आहे का?

नाही. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की दार ओलांडल्यावर हातातलं काम विसरण्याचं प्रमाण वाढतं. मेंदू खोली बदलली की प्रसंग बदलला असं धरतो. पहिल्या खोलीत परत जा किंवा मनाने तिथे जाऊन बघा, सापडेल.

एटीएमचा पिन बोटांना येतो, पण तोंडाने सांगता येत नाही.

कारण तो आता बोटांकडेच आहे. फोनवरची आकड्यांची मांडणी बघत बोटं हवेत फिरवा, मिळतो. संगणकाच्या कीबोर्डवर मात्र फसाल, तिथे ७-८-९ वरच्या ओळीत असतात.

कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, असं आतला आवाज विचारत राहतो. ऐकायचं की नाही?

कुलूप लावणं इतकं सवयीचं असतं की हात ते करतो तेव्हा मन भलतीकडे असतं. त्यामुळे त्या क्षणाची वेगळी आठवण तयारच होत नाही. आठवण नाही, म्हणून शंका येते. इथे आतला आवाज काही नवी माहिती देत नाहीये, तो फक्त रिकामी जागा दाखवतोय.

उपाय कुलूप लावतानाच करायचा. किल्ली फिरवताना मोठ्याने म्हणा: "सोमवार, निळी साडी, कुलूप लागलं." प्रसंगाला खूण चिकटली की संध्याकाळी तो आठवतो. हे थोडं विचित्र दिसतं, पण मी वर्षानुवर्षं करते आणि माझे दोन शेजारीही आता करतात.

एकदा परत जाऊन बघणं ठीक. पण पुन्हा पुन्हा बघितल्याने शंका मिटत नाही, उलट वाढते. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांच्या २००३ च्या प्रयोगात गॅसची बटणं वारंवार तपासणाऱ्यांची आठवण अंधूक झाली आणि त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसाही कमी झाला. तपासण्यात दिवसाचा बराच वेळ जात असेल, कामावर जायला उशीर होत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो, पैसे लागत नाहीत.

मग भीती आणि अंतःप्रेरणा यांतला फरक कसा ओळखायचा?

मराठीत दोन्हींसाठी वेगळे शब्दप्रयोग आहेत, तेच मी वापरते. एक, मनात शंकेची पाल चुकचुकणं. दुसरं, मन चिंती ते वैरी न चिंती.

पाल समोरचं काहीतरी बघून चुकचुकते. बोलणाऱ्याचा सूर बदलला, कागदावरची सही वेगळी वाटली, नेहमीचा दूधवाला आज नजर चुकवत होता. ती एकदाच चुकचुकते आणि खुणेकडे बोट दाखवते. चिंतेला खूण लागत नाही. ती अंथरुणावर पडल्या पडल्याही येते, एकातून दुसरी निघते, आणि दर वेळी तीच तीच असते. स्वतःला विचारा: मी आत्ता काय पाहिलं किंवा ऐकलं? उत्तर सापडलं तर थांबून तपासा.

फोनवर पैसे मागणारे भामटे तुम्हाला हेच करू देत नाहीत. फसलेल्या जवळपास प्रत्येकाने मला सांगितलं की आतून काहीतरी चुकीचं वाटत होतं, पण समोरचा फोन ठेवू देत नव्हता. तेव्हा फोन ठेवा. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवा.

माझं मन मला नेहमी खरं सांगतं. आत्ताच मैत्रिणीची आठवण काढली आणि तिचाच फोन आला!

तुमचा आनंद मला कळतो. पण तिची आठवण आली आणि फोन आला नाही, असं किती वेळा झालं, ते तुम्ही सांगू शकणार नाही. कुणीच सांगू शकत नाही. जे जुळलं ते गोष्ट बनून राहतं, चार जणांना सांगितलं जातं, आणखी पक्कं होतं. जे जुळलं नाही ते त्याच संध्याकाळी विरून जातं. आपल्या अंतःप्रेरणेची कीर्ती अशा रीतीने विस्मरणावर उभी असते.

यावर एकच इलाज मला पटला आहे. छोट्या वहीत तारीख घालून लिहा: "आज वाटतंय की असं होईल." महिन्याने उघडून बघा. माझ्या एका विद्यार्थिनीने हे चार महिने केलं. माणसांच्या मनःस्थितीबद्दलचे तिचे अंदाज खूप बरोबर निघाले, परीक्षेच्या निकालांबद्दलचे जवळपास सगळे चुकले. आता तिला माहीत आहे, आपलं मन कुठे ऐकायचं.

मुलगा स्पर्धा परीक्षा देतो. क्लासमध्ये सांगतात की पहिलं उत्तर बदलू नये, मनाने दिलेलं पहिलं उत्तर खरं असतं.

अभ्यासिकांमध्ये हा सल्ला मी भिंतीवर लिहिलेलाही पाहिला आहे, आणि तो चुकीचा आहे. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड मोजली. बदललेल्या उत्तरांपैकी साधारण निम्मी चुकीवरून बरोबरवर गेली होती आणि सुमारे पाव बरोबरवरून चुकीवर.

तरी सगळ्यांना उलटं का वाटतं? कारण बरोबर उत्तर खोडून मार्क गेले, की ते वर्षभर सलतं. चुकीचं खोडून मिळालेला मार्क कुणाच्या लक्षात राहत नाही. मुलाला सांगा: नुसत्या घाबरटपणाने बदलू नकोस, पण कारण दिसलं तर बिनधास्त बदल.

अनुभवी माणसाच्या अंदाजावर किती विसंबायचं?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन अंतःप्रेरणेकडे संशयाने बघायचे, तर दुसरे मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांचे अचूक अंदाज अभ्यासायचे. दोघांनी बसून २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. ज्या क्षेत्रात अंदाज लावायचा त्यात नियमितपणा हवा. आणि आपलं बरोबर की चूक हे माणसाला वेळेवर कळत राहायला हवं.

तालमीतल्या लाल मातीत दोन्ही अटी पुऱ्या होतात. डाव चुकला तर पैलवानाची पाठ लगेच मातीला लागते. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघताना वस्ताद अर्ध्या क्षणात सांगतो, आता हा पट काढणार, आणि निघतो. काहिलीचंही तेच, चूक तासाभरात दिसते. शेअर बाजाराच्या टिपा देणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत यातलं काही नसतं, त्यांच्या आत्मविश्वासाला भुलू नका.

पण दोन्ही अटी पुऱ्या असलेल्या जागी अचानक परिस्थितीच बदलली तर? हे आपण कोल्हापूरकरांनी सोसलं आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. नदीकाठची जुनी माणसं आकडा न बघताही पाण्याचा रंग आणि चढायचा वेग बघून बोलतात, आणि बहुतेक पावसाळ्यांत बरोबर बोलतात. २००५ च्या पुराची रेघ अनेकांच्या भिंतीवर आणि त्याहून पक्की मनावर होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी घरांतून एकच वाक्य ऐकू आलं: "पाच सालाला इथं आलं नव्हतं, आता कशाला येतंय?" पाणी त्या रेघेच्या वर गेलं. माझ्या ओळखीचं एक कुटुंब माळ्यावर सामान चढवून निवांत झोपलं आणि पहाटे नावेतून बाहेर आलं. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. पण तो ज्या नदीवर तयार झाला होता, त्या नदीला त्या वर्षी वेगळा पाऊस मिळाला. २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला.

म्हणून जिवाचा प्रश्न असेल तिथे मी म्हणते, म्हाताऱ्यांचा अंदाज ‘निघा’ म्हणत असेल तर निघा. तो ‘थांबा’ म्हणत असेल आणि प्रशासन ‘निघा’ म्हणत असेल, तरीही निघा.

सगळंच लक्षात राहिलं असतं तर किती बरं झालं असतं, नाही?

अमेरिकेतल्या एका स्त्रीबद्दल २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी लिहिलं. तिला किशोरवयापासूनचा जवळपास प्रत्येक दिवस आठवत असे. तिने स्वतःच ते ओझं असल्याचं सांगितलं होतं. मला गुळव्या आठवतो. त्याला प्रत्येक काहील तपशिलासह आठवत बसली असती, तर ‘बुडबुडा जड झाला’ हे एक वाक्य त्याच्याकडे आलं असतं का, याची मला शंका आहे.

घरात आईला विसर पडतोय. पण कुणी आलं की ती विनाकारण घाबरते किंवा आनंदते. तिच्या ‘वाटण्याला’ काही अर्थ आहे का?

आहे. हे मी घरातूनच शिकले.

माझ्या सासूबाईंना शेवटची तीन वर्षं स्मृतिभ्रंश होता. माझं नाव गेलं, मग मी कोण तेही गेलं. मिठाचा डबा समोर असून सापडायचा नाही. पण परातीसमोर बसवलं की ज्वारीच्या पिठात पाणी किती घालायचं ते त्यांच्या हाताला कळायचं. तळहात फिरायचा, कड न चिरता भाकरी मोठी होत जायची, आणि त्या माझ्याकडे बघून हसायच्या.

त्यांना सांभाळायला दुपारी एक बाई येत असे. काही दिवसांनी सासूबाई ती आली की पदर घट्ट धरून भिंतीकडे सरकायला लागल्या. "काय झालं?" विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही." त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. आम्ही दोन आठवडे तो आजाराचा भाग समजलो. मग एका दुपारी मी लवकर घरी आले आणि जिन्यातूनच ती बाई त्यांच्यावर ओरडत असलेली ऐकली. प्रसंग त्यांच्या आठवणीतून रोज पुसला जात होता, भीती साठत होती. क्लापारेदची टाचणी मी वीस वर्षं वर्गात शिकवली होती आणि स्वतःच्या घरात ओळखली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आयोवा विद्यापीठातल्या जस्टिन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसंग लक्षात न राहणाऱ्या रुग्णांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपटांतले तुकडे दाखवले. काय पाहिलं ते रुग्ण विसरले, पण मनातली भावना टिकून राहिली. पुढे अल्झायमरच्या रुग्णांमध्येही तेच दिसलं. म्हणून आई कुणाला बघून अंग चोरत असेल, तर कारण शोधा. आणि तुम्ही भेटून गेलात हे ती दहा मिनिटांत विसरली तरी जात राहा. तुमच्या भेटीने तिची दुपार बरी जाते.

डॉक्टरकडे कधी जायचं?

तासाभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, रोजच्या रस्त्यावर वाट चुकत असेल, पैशांचा हिशेब किंवा नेहमीच्या भाजीची कृती जमेनाशी झाली असेल, तेव्हा थांबू नका. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं, चष्मा कशासाठी असतो ते विसरणं वेगळं. विसर पडण्याची काही कारणं बरी होणारी असतात: बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, अपुरी झोप. ॲलर्जीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही विसर वाढतो. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, मनाने बंद करू नका. आणि घरातल्यांना ‘आई बदललीय’ असं आतून वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. रोज बघणाऱ्याला तपासणीच्या आधी कळतं.

विसरू नये म्हणून रोजच्या जगण्यात काय करू?

‘संध्याकाळी गोळी घेईन’ असं ठरवू नका. ‘चहाचा कप खाली ठेवला की गोळी घेईन’ असं ठरवा. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ही ‘जेव्हा हे, तेव्हा ते’ पद्धत साधी आहे आणि चालते. न्यायची वस्तू चपलांवर ठेवा. फोनचा गजर लावताना नुसती वेळ नको, काम काय तेही लिहा. आणि झोप कमी करू नका, दिवसाचं शिकलेलं रात्री पक्कं होतं.

पदराला गाठ मारायची जुनी पद्धत खरंच उपयोगी होती का?

माझी आजी शनिवारी लक्ष्मीपुरीतल्या बाजाराला जायची. लिहिता येत नव्हतं. ती नुसती गाठ मारत नसे. जिरे आणायचे असले तर गाठीत चार जिरे, दोरा आणायचा असला तर दोऱ्याचा तुकडा, आणि मला बांगड्या आणायच्या असल्या तर माझ्या फुटक्या बांगडीची काच. दुकानासमोर उभी राहून ती एकेक गाठ सोडायची आणि तळहातावर काय निघतं ते बघायची.